काहीच न करणारी बाई

आईला जीपनं उडवलं तेव्हा ती रहिमतपूरच्या अलीकडच्या फाट्यावर एसटीची वाट बघत होती. रस्त्यात नव्हे, कडेला, लिंबाखाली. जीपवाल्यानं पोलिसांना सांगितलं, बाई अचानक आडवी आली. म्हणजे डांबर सोडून लिंबापर्यंत गेलेली जीप सरळ, आणि जागची न हललेली आई तेवढी आडवी.

तिच्या उजव्या कोपराचा चुरा झाला. मी माधवनगरला राहतो, म्हणून ऑपरेशन सांगलीत केलं. हाड जुळलं, पण कोपर वाकेना. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी हात वरखाली करून बघितला आणि ‘दैनंदिन कामास विशेष अडथळा नाही’ असं लिहून दिलं. त्यांच्या घरी भाकरी बहुधा आपोआप थापली जात असावी.

नुकसानभरपाईचा दावा साताऱ्याच्या कोर्टात लागला. “विचारलं की सगळी कामं सांगायची, एक सोडायचं नाही,” असं आमच्या वकिलांनी आईला बजावलं होतं. कंपनीचे वकील फारच गोड माणूस. त्यांनी आधी आईसाठी खुर्ची मागवली, पाणी विचारलं, मग आवाजात साखर घालून म्हणाले,

“मावशी, तुम्ही काय काम करता?”

“काय न्हाई. घरीच असते.”

कुणीही विचारलं तरी आयुष्यभर तिनं हेच उत्तर दिलं होतं. कोर्टात नवीन कुठून आणणार? आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. तिकडचे वकील इतके खूश झाले की त्यांनी पुढं काही विचारलंच नाही. काहीच न करणाऱ्या बाईचं नुकसान तरी काय होणार?

पुढच्या तारखेला आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साक्ष होती. आबा फौजेतनं सुभेदार होऊन आलेले. अपघातापर्यंत स्वतःचा चहाचा कपही त्यांनी मोरीत नेऊन ठेवला नव्हता. नंतर मात्र सगळं घर त्यांच्यावर पडलं.

“सुभेदारसाहेब,” कंपनीचे वकील म्हणाले, “तुमची पेन्शन चालू आहे. मग घराचं नुकसान काय झालं?”

“तुमच्या घरी सैपाक कोण करतं?”

“प्रश्न विचारू नका, उत्तर द्या,” न्यायाधीश म्हणाले.

“उत्तरच देतोय साहेब. ही पहाटे उठून शेण काढायची, धार काढायची, सैपाक करून रानात तण काढायला, भांगलायला जायची. आता हे समदं मी करतोय. म्हैस मला दूध देत न्हाई, लाथ देती. शेवटी इकली. भांगलायला बाई लावली तर ती दिवसाचा रोज घेती. हिनं कवा मागितला न्हाई, म्हणून ही काय करत न्हाई व्हय?”

म्हशीला सगळं कोर्ट हसलं. आबा हसले नाहीत.

“आणि वेणी लिवा साहेब.”

“वेणी?”

“हिची वेणी मी घालतो. मला लय वाकडी येती. लोक हसतील म्हणून ही कुणाच्या लग्नाला जात न्हाई.”

मागच्या बाकावर आईनं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. गोड वकील कागद चाळू लागले. न्यायाधीशांनी लेखनिकाला ते वाक्य जसंच्या तसं घ्यायला सांगितलं.

निकालात आईच्या कामाचं उत्पन्न धरलं गेलं. धरलेल्या दरात आमच्याकडं अर्धा दिवस भांगलायलाही कुणी येणार नाही, पण शून्यापेक्षा बरं. कंपनीला तेही अन्यायाचं वाटलं आणि ती हायकोर्टात गेली. बिचारीनं न्याय कुठं मागायचा? शेवटी तडजोड झाली. थोडं आम्ही सोडलं, आणि कंपनीनं मोठ्या मनानं आमचंच आम्हाला दिलं.

त्या पैशातनं आईच्या हाताचे व्यायाम सुरू केले. आठवड्यातनं दोनदा आबा तिला साताऱ्याला न्यायचे. ती तिथं ओरडायची आणि आबा बाहेर येऊन उभे राहायचे. गेल्या उन्हाळ्यात मी गावी गेलो होतो तेव्हा आम्ही तिघं जेवायला बसलो. आईनं डाव्या हातातला चमचा खाली ठेवला आणि उजव्या हातानं आमटी-भाताचा घास उचलला. मान बरीच खाली आणावी लागली, अर्धा घास साडीवर सांडला. आबा फडकं घेऊन उठायला लागले.

“आवं, बसा की,” ती म्हणाली. “खाऊ द्या मला.”