मोठीमायच्या टाचेतला काटा

पाय पुढे केला की मोठीमाय काट्याकडे बघायच्या आधी माणसाकडे बघायची. म्हैस दूध देते का, पोरगी सासरी रमली का, असं काहीतरी विचारायची. समोरचा उत्तर देईपर्यंत सुईच्या टोकावर बाभळीचा काटा आलेला असायचा. धाडजवळच्या आमच्या गावात माझ्या या थोरल्या काकूला सगळे काटेवालीच म्हणत. शेणानं भरलेला, भेगाळलेला, कोणाचाही पाय ती सरळ मांडीवर घ्यायची. म्हणायची, "दुखते तं साऱ्याइले सारखंच."

स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र तिचं एकच वाक्य होतं, "अंगावरलं अंगातच जिरते." ताप असला तरी ती कापूस वेचायला जायची.

एका दिवाळीत तिच्या पायांना तेल लावताना मला डाव्या टाचेवर काळा ठिपका दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा. कापूस वेचताना पऱ्हाटीचं धसकट घुसलं, असं ती म्हणाली. रोज सुईनं टोकरत होती, पण बूड सापडत नव्हतं. मीच बिबा तापवून त्यावर लावला आणि चिखलीला माझ्या घरी निघून आले.

वैशाखात गावी गेले तेव्हा ती चवड्यावर चालत होती. ठिपका रुपयाएवढा झाला होता, कडा वेड्यावाकड्या, आणि त्यातून रक्त झिरपत होतं. चिखलीच्या डॉक्टरांनी बघताच संभाजीनगरला जायला सांगितलं. तिथं तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर निघाला, काळ्या डागातून वाढणारा.

तिथल्या सर्जनबाईंनी कागदावर टाचेचं चित्र काढून समजावलं. डागाभोवतीची बोटभर चांगली कातडीही खालच्या चरबीसकट काढावी लागेल. टाचेची कातडी ओढून शिवता येत नाही, म्हणून मांडीची पातळ कातडी तिथं लावायची. जांघेत हाताला गाठ लागत होती, तिथल्या गाठीही काढायच्या. तिचा मुलगा रामदासभाऊ म्हणाला, त्यापेक्षा गुडघ्याखालून पायच कापा, म्हणजे पुन्हा व्हायला नको. बाईंनी नकारार्थी मान हलवली. आजार जांघेपर्यंत गेला होता, पाय कापून तो मागं फिरणार नव्हता.

मोठीमायनं एकच विचारलं, "माह्या सुईनंच पसरला का?"

बाई म्हणाल्या, "सुईनं नाही, आजी. यायला उशीर झाला."

माझी मान खाली गेली.

ऑपरेशन झालं. कित्येक दिवस पाय उशीवर, खाली टेकायचा नाही. टाचेपेक्षा कातडी काढलेली मांडीच जास्त आग करते, असं ती सांगायची. गाठी काढल्यामुळे पाय सुजून जड झाला. काठी टेकत ती गावात परतली आणि लोक पुन्हा काटे घेऊन येऊ लागले. आता ती आधी अख्खा तळवा उजेडात धरून बघायची. काळा डाग दिसला की सुई बाजूला ठेवून दवाखान्यात पाठवायची, आणि कोणी टाळाटाळ केली तर दुसऱ्या दिवशी काठी टेकत त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. शेजारच्या सुमनचा डाग साधा तीळ निघाला तेव्हा सगळे हसले. ती हसली नाही.

पौषात खोकला लागला. संभाजीनगरला छातीच्या फोटोत आजार फुप्फुसात दिसला. आता कापण्यासारखं काही नाही, औषधांनी फार तर थोडे दिवस वाढतील, असं सर्जनबाईंनी सांगितलं. मोठीमायनं घरी न्यायला सांगितलं.

एका दुपारी तिला पेज भरवताना मी दिवाळीचं बोलले. मला दिसलं होतं आणि मी बिबा लावून निघून गेले, असं सगळं. तिनं वाटी बाजूला सारली. दम लागत होता तरी सावकाश बोलली. "तवा मलेबी दिसलंच होतं. पाय माहा होता बाई. तू काऊन जीवाले लावून घेतं?"

त्यानंतर आठव्या दिवशी ती गेली.

बायकांनी तिला आंघोळ घातली. पाय धुवायला मी बसले. मांडीची कातडी टाचेवर नीट धरली होती. जखम पूर्ण भरली होती.