यालाही द्या

हे करुणानिधान प्रभो, तुझे नाव घेऊन आज पत्नीच्या स्मृतिदिनी हे लिहावयास बसलो आहे. लेखणी धीर धरील, एवढे कर.

लंडनच्या पिनर भागात मी मुलाकडे राहतो. जवळच्या हॅरोमधील आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी द्राक्षारसाचा पेला देण्याची सेवा माझ्याकडे आहे. त्या रविवारी उपासनेनंतर मला सभेसाठी थांबायचे होते. मंडळीतलाच सुधीर, नागपूरहून नोकरीसाठी आलेला गृहस्थ, हिला घरी सोडतो म्हणाला. गाडीत बसताना ही हसली. "अहो, तुमची बस येईपर्यंत सुधीर माझ्या हातचा चहा पिऊन आपल्या घरीसुद्धा पोचेल!" वाटेत एका ओल्या वळणावर त्याचे लक्ष क्षणभर ढळले. तो वाचला, ही गेली. न्यायालयात त्याने चूक कबूल केली, त्याचा तुरुंगवास टळला, आणि तेही मला सोसवेना.

त्यानंतर माझी प्रार्थना कोरडी पडली. क्षमेवर मी आयुष्यभर प्रवचने केली होती, आधाराला संस्कृत वचने दिली होती. आता प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हांला कर' ही ओळ आली की ओठ मिटत. देव आहे याविषयी शंका नव्हती. तो माझा उरला आहे का, याची होती. सुधीर शेवटच्या बाकावर बसे, प्रभुभोजनाला कधीच उठत नसे. ते मला बरे वाटे.

गेल्या ईस्टरला मात्र तो वेदीच्या कठड्यापाशी गुडघे टेकून होता. एका अनोळखी वृद्धेने त्याला मनगट धरून आणले होते. ती त्याची आई. तिला पेला दिला आणि त्याच्यापुढे माझे पाऊल अडले. त्याला वगळून पुढे जावे, असेच मनात आले. मान वर न करता ती पुटपुटली, "भाऊ, यालाही द्या. घरीही जेवत नाही हो हा."

घरी सूनबाई मलाही रोज विनवते, "बाबा, दोन घास तरी खा." पेला मी पुढे केला तो इतका कलता की सांडलाच असता, सुधीरने खालून हात लावून तो सावरला. पेला देतानाचे नेमलेले शब्द मी उच्चारले. ते माझ्या बळाने आले नाहीत, एवढे निश्चित.

दुःख ओसरलेले नाही. सुधीरशी अजून धड बोलणेही झालेले नाही. कित्येक रविवारी ती ओळ माझ्याकडून अर्ध्यावरच सुटते, तेव्हा शेजारचे आवाज माझ्यासाठी ती पुरी करतात. इतकेच उमगले की, तो पेला माझा नाही. तो कोणाला नाकारणेही माझ्या हाती नाही. त्याबद्दल प्रभूचे आभार.

वाचकहो, तो दयाघन तुमच्यावर व तुमच्या घरादारावर कृपेची छाया धरो, आणि तुमच्या ताटाशेजारी कोणीही उपाशी न राहो. आमेन.