काडेपेटीतलं सिम

आपण विकत घेतलेल्या फोनची किल्ली कंपनीच्या खिशात का असावी?

मुकुंदवाडी स्टेशनजवळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. परदेशी निघालेलं कुणी आलं, की तो काडेपेटीतून दुसऱ्या कंपनीचं सिम काढायचा, शर्टाला पुसायचा आणि त्यांच्या फोनात घालून बघायचा.

एकदा मस्कतला कामाला निघालेली बाई आली. तिच्या फोननं ते सिम घेतलंच नाही.

“ताई, ह्यो फोन कंपनीनं आपल्याच सिमला बांधलेलाय. तिथलं कार्ड यात चालायचं नाय. आजच कंपनीच्या ऑफिसातनं खोलून घ्या.”

“विमान सोमवारी हाय, तू तर आत्ताच हाकलायला लागला!” ती हसली.

तो हसला नाही. “मी बी असाच बांधलेला फोन घेऊन गेलो हुतो. बाप गेल्याचं मला तिथं चौथ्या दिवशी कळलं.”

बाईनं सोबत आलेल्या आपल्या लेकीचा हात धरला. “चल भाऊ, ऑफिस दाखव.”

त्यानं शटर ओढलं. मीही सोबत गेलो. ऑफिसातले साहेब “उद्या या” म्हणत राहिले. फोन खुला होईपर्यंत तो बाकावरून उठला नाही.

तुमच्या घरचं कुणी परदेशी निघालं असेल, तर आजच त्यांच्या फोनात दुसरं सिम घालून बघा. चाललं नाही, तर कंपनीच्या बाकावर जाऊन बसा आणि फोन खुला झाल्याशिवाय उठू नका.