पहिली कात्री

मुंबईच्या विमानतळावर तपासणीत माझ्या पर्समधून छोटी कात्री निघाली. "मावशी, विमानात काय शिवणार होता?" वर्दीतल्या मुलीनं विचारलं आणि कात्री जप्त केली. तीस वर्षं आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवलेल्या बाईजवळ कात्री नसेल तर काय असणार? माझी मोठी, कापड बेतायची कात्री मात्र सामानाच्या बॅगेत होती. ती सुखरूप डब्लिनला पोचली.

माझी लेक मुग्धा तिथल्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. राहते शहराच्या पश्चिमेला, ल्यूकनमध्ये. घरं सगळी एका साच्यातली. सकाळी ऊन, चहा उकळेपर्यंत पाऊस, कप विसळेपर्यंत पुन्हा ऊन. पहिल्याच आठवड्यात मी तिच्या स्वयंपाकघरातली सगळी प्रेस (तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात) नीट लावून टाकली. त्यानंतर तिला मीठ सापडेना.

"आई, तुझे हात रिकामे असले की माझं काही खरं नाही," ती म्हणाली. "शनिवारी इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये जा. फिलिपिन्स, व्हिएतनाम, मलेशियातून आलेल्या बायकांना तिथं छोटे धंदे सुरू करायला मदत करतात. शिवणातलं कळणारं कुणीतरी हवंय त्यांना."

शनिवारी मी ऐटीत बसथांब्यावर उभी राहिले. बस आली आणि न थांबता गेली. दुसरीही गेली. शेवटी शेजारचे आजोबा म्हणाले, "हात दाखवा, बाई. नाहीतर ड्रायव्हरला वाटतं, तुम्ही हवा खायला उभ्या आहात." आमच्या मिरजेत हात न दाखवताही रिक्षा अंगावर येते, पण असो. उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला 'थँक यू' म्हणत होता. मीही म्हटलं.

हॉलमध्ये मारिसेल भेटली. फिलिपिन्सची, चाळिशीची, हसरी. पहिल्याच भेटीत मला 'तिता' (मावशी) म्हणू लागली. इतकी वर्षं तिनं ऑफिसांची साफसफाई केली होती. आता एका लाँड्रीवाल्यानं दुकानातला कोपरा तिला शिवणकामासाठी मे अखेरपर्यंत दिला होता. तोवर गिऱ्हाईक जमलं तर कोपरा तिचा, नाहीतर पुन्हा फरशा पुसणं. हॉलमधल्या मंडळींनी तिची नोंदणी करून दिली होती, पाटीही रंगवून दिली होती. काम मात्र एकच आलं होतं.

मे महिन्यात तिकडे सात-आठ वर्षांच्या मुलांचं पहिलं कम्युनियन असतं (चर्चमधला संस्कार, थाट आपल्या मुंजीसारखा). मुली पांढरे झगे घालतात. ऑर्ला नावाच्या बाईनं स्वतःच्या लग्नाचा झगा आणून दिला होता आणि त्यातून लेकीचा शिवायला सांगितलं होतं. झगा जमला तर ती शाळेच्या फाटकाशी इतर आयांना सांगणार होती, बिघडला तरी सांगणारच होती.

मी दुकानात जाऊन काम पाहिलं. मारिसेलनं एक इंचही कापला नव्हता. सगळं कापड आत दुमडून टाके घातले होते.

"कापलं का नाहीस गं?"

"तिता, लग्नाचा आहे. बिघडला तर दुसरा कुठून आणू?"

कापायला भिणारीनं शिंपीण होऊ नये, असं मी मुलींना तीस वर्षं ऐकवत आले. रुबाबात कात्री उचलली. ती नाजूक लेस बघितली आणि माझाही हात चालेना. माझ्या लग्नाचा शालू डोळ्यांपुढे आला. मुग्धानं एकदा त्याचा ड्रेस शिवून मागितला होता, तेव्हा मी तिच्यावर वसकन ओरडले होते. "दुमडूनच बघू या," मी म्हणाले आणि कात्री खाली ठेवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

बुधवारी ऑर्ला लेकीला घेऊन आली. झगा अंगात गेला आणि पोरीची गादीची वळकटी झाली. "मला खाली बसता येत नाही," ती रडवेली होऊन म्हणाली. ऑर्ला "ग्रँड आहे, ग्रँड" म्हणाली (तिकडे 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात), पण हात पर्सकडे गेला. "तयारच एखादा घ्यावा म्हणते. तुम्हाला उगीच त्रास." मारिसेल मान खाली घालून टाचण्या गोळा करायला लागली. मला तिच्यापेक्षा स्वतःची जास्त लाज वाटली.

"ताई, खरं सांगते," मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "तुमच्या लग्नाचा झगा कापायचा आम्हा दोघींना धीर होत नाहीये."

ऑर्ला खळखळून हसली. "अहो, बारा वर्षं माळ्यावर पडलाय. त्याला माझ्यापेक्षा कोळी जास्त ओळखतात. आणा ती कात्री."

मारिसेलनं खडूनं रेघ मारली. ऑर्लानं पहिला काप दिला आणि थांबली. डोळे पुसून म्हणाली, "बरं वाटलं. आता तुम्ही करा." मग मारिसेलचे हात असे चालले की मला फक्त टाचण्या द्यायचं काम उरलं.

कम्युनियनच्या दिवशी ती पोर तोच झगा घालून, अंगणात मांडलेल्या, हवा भरून फुगवलेल्या किल्ल्यावर दिवसभर उड्या मारत होती. टाका उसवला नाही. ऑर्लानं शाळेत झग्यापेक्षा कात्रीचीच गोष्ट जास्त सांगितली असावी. पुढच्या आठवड्यात एक बाई आपला लग्नाचा झगा घेऊन आली, दुसरी वारलेल्या वडिलांचे शर्ट. मारिसेलनं पाटीवर एक ओळ वाढवली : पहिली कात्री तुमची. मे संपला आणि कोपरा तिचा झाला. त्या दिवशी तिनं तुरोन (केळं पारीत गुंडाळून, साखरेत तळलेलं) खाऊ घातलं. मी चार खाल्ली आणि मुग्धाला दोन सांगितली.

निघताना माझी मोठी कात्री मी तिच्याकडेच ठेवली. परतीच्या तपासणीत माझ्याकडे काहीच सापडलं नाही.

मिरजेला आल्यावर नवी कात्री आणली आणि कपाटातून शालू काढला. इतकी वर्षं जपलेला शालू घडीघडीवर आपोआप चिरला होता. मी कुणाला हात लावू दिला नव्हता, तरीही. वाईट वाटलं, आणि मुग्धावर ओरडले होते त्याचं त्याहून जास्त. पदर आणि काठ मात्र शाबूत होते. तिची मापं मी ल्यूकनमध्येच, तिला न सांगता, तिच्या एका कुडत्यावरून घेऊन ठेवली होती.

गिऱ्हाईक मीच आणि शिंपीणही मीच, त्यामुळे कात्री कुणाच्या हातात द्यायची हा प्रश्नच नव्हता. खडूनं रेघ मारली आणि पहिला काप दिला.