रिकाम्या रिक्षाचे हिसके

आमच्या कॉलेजात तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचं. धूळ गेली तर मशीन बिघडेल म्हणे! आत एसीचा गारठा, काळ्या पडद्यावर हिरव्या रेघा, आणि प्रत्येकाला मोजून अर्धा तास. आज सगळं खिशातल्या फोनमध्ये मावतं, पण त्या अर्ध्या तासाची मजा कशालाच नाही, आईशप्पथ.

डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं. माझा प्रोजेक्ट म्हणजे पडद्यावर खडबडीत रस्ता काढायचा आणि त्यावरून गाडी खरीखुरी वाटेल अशी चालवायची. बाकीच्या पोरांनी जीप घेतली, मी रिक्षा. गिरणी बंद पडल्यापासून बाबा रिक्षा चालवत होते ना! रस्ताही आमचाच, कांजूरमार्ग ते भांडुप. मागच्या सीटवर बसून बसून त्यातला खड्डा न् खड्डा मला पाठ होता. सगळे चढउतार आकड्यांत घातले, चाकांवर स्प्रिंगा बसवल्या आणि बटण दाबलं. रिक्षा जी उडाली ती बेडकासारखी उडतच राहिली. आठवडाभर डोकं आपटलं, काही उपयोग नाही. सर म्हणाले, "सोमवारी चाललं नाही तर वर्ष गेलं समज."

वर्ष जाऊन चालणारच नव्हतं. बाबांची कंबर कामातून गेली होती. डॉक्टरांनी रिक्षा सोडायला सांगितलं होतं, पण त्यांचं एकच, "तू नोकरीक लागलंस की सोडतलंय." म्हणजे माझं एक वर्ष वाया गेलं की ते त्यांच्या कंबरेवर जाणार.

शनिवारी ते मला न्यायला आले. सरांनी कौतुकाने आत बोलावलं. बाबांनी चपला काढल्या आणि देवळात शिरल्यासारखे हात जोडले. मला लाज वाटली, खरं तेच सांगते. पडद्याकडे बघून ते म्हणाले, "ही अशी कित्याक उडता गो?"

"बाबा, हे गॅरेज नाही. तुम्हाला काय कळतंय यातलं?" मी खेकसलेच. माझी जीभ तेव्हा फार चालायची. आजही चालते.

त्यांना राग आला नाही. "भितर कोण बसलो हा?"

"कुणी नाही."

"मगे उडतलीच. रिकामी रिक्षा अशीच उडता."

खड्डे सगळे घातले होते, आणि इतकी वर्षं मागून ज्याची पाठ बघत आले तो माणूसच घालायचा राहिला होता!

वजन विचारलं. "पासष्ट धर," म्हणाले. आकडा घातला, थोडी जुळवाजुळव केली. चाक खड्ड्यात गेलं, मागोमाग बॉडी दबली आणि सावकाश वर आली. झकास! सरांनी टाळी वाजवली. मग मला चेव चढला. हुशारी दाखवायला मी कोपऱ्यात एक मोजणी टाकली. चालवणाऱ्याला जोराचा धक्का बसला की आकडा एकाने वाढायचा. भांडुप येईपर्यंत एकशे बारा झाले.

बाबा वाकून बघत होते. "ह्यो आकडो कसलो?"

"तुमच्या कंबरेला बसलेले धक्के. एका फेरीचे."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "एवडेच?" म्हणाले.

मला रडू आवरेना. नोकरी लागायला पुढे दीड वर्ष गेलं, आणि तोवर ते रोज त्याच रस्त्यावर होते.