आईच्या सुरकुत्या परत आणल्या

मित्रहो, आज आईला घेऊन अंधेरीच्या स्टुडिओत तिचा कृष्णधवल फोटो आणायला गेलो. तिच्या आयुष्यातला पहिलाच. काढला मी, रोल धुवायला तिथे दिला होता.

फोटो बघून आई म्हणाली, "ही कोण रे?"

स्टुडिओवाले काका खुशीत होते. "वहिनी, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सगळ्या सुरकुत्या घालवल्या. झकास ना?"

मी म्हणालो, "तीस वर्षं उन्हात बसून मासळी विकलीय तिने. त्या सुरकुत्या पुसणारे तुम्ही कोण?"

"अहो, लोक असंच मागतात!"

"आम्ही नाही मागत. पेन्सिल पुसा, पुन्हा छापा."

नवा फोटो मिळेपर्यंत बाकावरून हललो नाही. तो ओलाच हातात आला. आई म्हणाली, "हां, ही मीच."

तुमच्या घरच्या फोटोंतून कोणाचे कष्ट पुसले गेलेत? पुन्हा छापून घ्या.