नोईने भाव केला नाही

नोईला हॉटेलच्या मालकाने फसवले. थायलंडहून स्वयंपाकाला आणताना ‘कधीही घरी जा’ म्हणाला आणि पुण्यात उतरताच तिचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात घातला.

मी तिथे भाजी देतो. नोईसारखे चिवट गिऱ्हाईक मला मार्केट यार्डातही भेटले नाही. गवती चहाची दांडी मोडून नाकाशी नेणार आणि ‘फॅंग, फॅंग!’ ओरडणार. फॅंग म्हणजे महाग. मी चिडायचो, ‘बाई, मग तुझ्या गावाहून आण!’ ती हसायची आणि दोन जुड्या फुकट उचलायची.

आज मी मुद्दाम दुप्पट भाव सांगितला. तिने मान हलवली. दांडी मोडलीसुद्धा नाही.

‘भाऊ, बाबा मेला,’ एवढेच म्हणाली आणि जुड्या आत घेऊन गेली.

घासाघीस करणाऱ्या माणसाला उद्याची आशा असते. परमुलखात राबताना तीही गेली, की नुसते कांदा चिरणारे हात उरतात. मी पाटी खाली ठेवली आणि गल्ल्याकडे गेलो.

नोईच्या देशात लेकरू पोचेपर्यंत प्रेत ठेवतात, भिक्खू रोज मंत्र म्हणतात. मी मालकाकडे तिचा पासपोर्ट मागितला.

‘भाऊ, लग्नसराई आहे. तू भाजी दे, भाषण नको,’ मालक म्हणाला.

‘भाषण नाही करत, शेठ. तिकडे अग्नी द्यायचा थांबलाय. अजून किती थांबायचे, ते तिच्या आईला तुम्हीच फोन करून सांगा.’